नाव घेताना वाचा गेली

ही चार पानं लिहायला मला आठ महिने लागले. रोज सकाळी ओटीवर उन्हात बसून दोन-चार ओळी लिहिते. एखादा शब्द सापडत नाही, मग त्या जागी रेघ मारते, आणि संध्याकाळी माझी मुलगी मनीषा फोनवर विचारत विचारत ती रेघ भरून घेते. एकेका रेघेला कधी तीन दिवस जातात. उजव्या हाताची बोटं अजून नीट वळत नाहीत, म्हणून डाव्या हातानं लिहिते. अक्षर पहिलीतल्या पोराचं वाटतं. वाक्यं मनीषाने नीट लावून दिली आहेत, पण राग, रड आणि खोचक बोलणं माझं आहे, त्याला तिने हात लावलेला नाही.

माझं नाव हेमलता. आम्ही डहाणूजवळच्या वरोर गावचे. चोवीस वर्षं मी डहाणूच्या बाजारात मासळी विकली. हा धंदा पाटीवर कमी आणि तोंडावर जास्त चालतो. गुजराती गिऱ्हाइकाशी गुजराती, मुंबईहून आलेल्या पाहुण्यांशी हिंदी, रानशेत-कैनाडच्या आदिवासी पाड्यांवरून येणाऱ्या बायकांशी त्यांच्या बोलीतले चार शब्द, आणि भांडायला मराठी. माझा आवाज बाजाराच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जातो अशी माझी ख्याती होती. मला तिचा गर्व होता, खोटं कशाला बोलू.

माझे यजमान दामोदर बोटीवर जातात. (नाव लिहायला हरकत नाही, तोंडानं घ्यायचं नाही एवढंच.) माणूस इतका अबोल की बघायला आले तेव्हा माझ्या आईनं आत येऊन विचारलं होतं, "पोरगा मुका तर नाय ना गो?" सव्वीस वर्षं आमच्या संसारात बोलायचं काम माझ्याकडे होतं. मी बोलायची, ते हूं म्हणायचे. आमचं भांडण व्हायचं तेव्हा दोन्ही बाजूंनी मीच भांडायची. आणि ते गालात हसले की मला कळायचं, आपण जिंकलो.

*

दीड वर्षापूर्वी, मे महिन्यात, माझ्या धाकट्या दिराच्या मुलाचं लग्न झालं. नवरी दारात आली की आमच्याकडे दार अडवून नावं घ्यायला लावतात. आधी नवरा-नवरी, मग घरातल्या सगळ्या बायका. माझी पाळी मुद्दाम शेवटी ठेवतात, कारण माझा उखाणा दर लग्नात नवा आणि लांबलचक असतो आणि शेवटी यजमानांची टिंगल असते. लोक त्याची वाट बघतात. त्या दिवशीही मी एक जुळवून ठेवला होता, त्यात बोट होती, बोटीचं इंजिन होतं, आणि घरी आल्यावर बंद पडणारा नाखवा होता.

मी तोंड उघडलं आणि काहीच आलं नाही.

विसरणं वेगळं. विसरलं की काहीतरी विसरलोय एवढं तरी माणसाला कळतं. इथं बोलायचं कसं असतं तेच मला सापडेना. समोर सगळी माणसं दिसत होती, नवरीच्या मुंडावळ्या दिसत होत्या. मी चौकट धरून उभी राहिले. माझी धाकटी जाऊ शैला माझ्याजवळच होती. ती माझ्या तोंडाकडे बघून क्षणभर थांबली. "वहिनी?" असं तिने हळूच विचारलं.

तेवढ्यात मांडवात पुरुषांमध्ये बसलेले आमचे यजमान हसले. मोठ्यानं हसले आणि म्हणाले, "आज मशीन बंद पडली!"

सव्वीस वर्षांत चारचौघांत त्यांनी केलेला हा पहिला विनोद. नवराच हसतोय म्हटल्यावर काळजी कोण करणार? अख्खा मांडव हसला. शैलासुद्धा हसली. "लाजली गो, वहिनी लाजली!" म्हणून तिने मला आत नेलं, लिंबू सरबत दिलं. ते माझ्या पदरावर सांडलं. "दमली आहे, पडू द्या जरा," असं कुणीतरी म्हणालं. मी मागच्या खोलीत आहेराच्या साड्यांच्या गठ्ठ्याशेजारी पडून राहिले. बाहेर पंगती उठत होत्या, बसत होत्या. मला हाक मारायची होती. दुपार गेली, ऊन उतरलं. दिवेलागणीला मनीषा मला चहा द्यायला आली आणि किंचाळली.

त्या लग्नाचा व्हिडिओ आहे. मी एकदाच पाहिला. चौकटीत उभ्या असलेल्या बाईच्या ओठांची उजवी बाजू ओघळलेली आहे, तीही हसायचा प्रयत्न करते आहे, आणि मागून हशाचा आवाज येतो आहे.

*

डहाणूला नेलं, तिथून वापीच्या मोठ्या दवाखान्यात. मेंदूतल्या नळीत गुठळी अडकली होती. डॉक्टरांनी विचारलं, "यांचं बोलणं कधी बंद झालं?"

यजमान म्हणाले, "दुपारी."

"आणि तुम्ही आत्ता आणताय? पहिल्या काही तासांत आले असतात तर इंजेक्शन देता आलं असतं." डॉक्टर रागावून बोलले नाहीत, नुसतं बोलले आणि कागदावर लिहिलं. सगळ्यांना वाटलं मला यातलं काही समजत नाही. मला शब्द न् शब्द समजत होता. मी यजमानांकडे बघितलं. ते जमिनीकडे बघत होते. त्या रात्रीपासून त्यांनी माझ्या तोंडाकडे बघणं सोडून दिलं.

मला तेव्हाच बोलायचं होतं. तीन शब्दही नव्हते, दोनच होते: तुम्ही हसलात.

पुढचं सगळं आजारपण मी या दोन शब्दांच्या मागे घालवलं. लोकांना वाटत होतं मला पाणी मागता यावं, नाव सांगता यावं म्हणून मी धडपडते आहे. पाणी बोटानं दाखवून मिळतं. नाव केसपेपरवर असतं.

*

दवाखान्यात पाचव्या दिवशी तोंडातून पहिले शब्द आले. डॉक्टर राउंडला आले, "काय ताई, नाव सांगा तुमचं." मी जिवाच्या आकांतानं जोर लावला आणि म्हणाले, "ताजी छे."

खोलीत हसू पसरलं. नर्सबाई गुजराती होत्या, त्यांनी तर टाळीच वाजवली. मी चोवीस वर्षं रोज शंभर वेळा गुजराती गिऱ्हाइकाला म्हटलेलं ते वाक्य होतं, ताजी आहे. माझी मराठी, आईची, लेकीची, भांडणाची मराठी, सगळी आत कुठेतरी बुडाली आणि हे तेवढं वर तरंगत राहिलं. जेवायचं का? ताजी छे. दुखतंय का? ताजी छे. मनीषा रडत होती तिला जवळ घेऊन सांगायला गेले, तेव्हाही तेच. त्यानंतर मी तोंड मिटून घेतलं.

चांगल्या गोष्टीही झाल्या, त्या सांगायला हव्यात. शेजारच्या खाटेवरच्या बाईंची सून रोज संध्याकाळी आरती म्हणायची. एके दिवशी माझ्या तोंडून ती पहिल्यापासून शेवटपर्यंत नीट आली, एक शब्द न चुकता. मी थक्क झाले. मनीषाने आनंदानं घरी फोन लावला. आरती संपल्यावर तिने विचारलं, "आई, आता मला हाक मार." मला ती मारता आली नाही.

वाचा-उपचार करणाऱ्या ताईंनी नंतर समजावलं की गाणं आणि सवयीचे बोल वेगळ्या वाटेनं येतात. वेड लागलेलं नाही, हे मला सगळ्यांदेखत सांगणारी ती पहिली व्यक्ती. मी त्यांचे हात धरून कितीतरी वेळ रडले.

*

जून-जुलैला बोटी बंद असतात. यजमान दिवसभर घरी. त्यांनी माझं सगळं केलं, हे मी नाकारणार नाही. भात कालवून दिला, कपडे धुतले. माझे केस विंचरून वेणी घालायचे. जाळं विणणारे हात, वेणी अशी घट्ट घालायचे की संध्याकाळपर्यंत केस हलायचा नाही. पण ते सगळं पाठीमागून. समोर बसायचे नाहीत. जेवताना टीव्ही मोठा करून ठेवायचे. माझ्याशी बोलायची वेळ आलीच तर बहिऱ्याशी बोलावं तसं ओरडून, तेही भिंतीकडे बघत: "औषध घेतला काय?"

कुणी भेटायला आलं की माझ्यादेखत विचारायचं, "हिला समजतो काय?" आणि ते म्हणायचे, "थोडा थोडा."

सव्वीस वर्षं ज्या घरात माझा आवाज थांबला नव्हता तिथे नुसता टीव्ही बोलत होता. ते पूर्वी हूं तरी म्हणायचे. आता हूं कशाला म्हणणार? मी त्यांच्या समोर जाऊन उभी राहायची, तोंड उघडायची, "तु... तु..." एवढं यायचं आणि ते घाईघाईनं उठायचे. "पाणी पायजे? आणतो." पाणी आणून ठेवायचे आणि समुद्राकडे निघून जायचे. एके दिवशी मी तो पेला भिंतीवर फेकला. मग ताट फेकलं. दुसऱ्या दिवशीही फेकलं. त्यांनी तुकडे गोळा केले. त्यांनी एकदा मला शिवी दिली असती, हात धरून हलवलं असतं, तर मला बरं वाटलं असतं.

ऑगस्टमध्ये बोटी सुरू झाल्या, तेव्हा ते मला तलासरीला मनीषाकडे सोडून आले. ती तिथे शाळेत शिक्षिका आहे. "बरी झाली की नेतो," ते जावयाला म्हणाले. मला नाही.

*

जावई भला माणूस आहे. पण लेकीच्या घरी आईनं राहायचं नसतं, आमच्यात पाणीसुद्धा बेतानं पितात. मी तिथे चार महिने राहिले. सकाळी दोघं कामावर गेली की दार आतून लावून मी बसायची. रस्त्यावर भाजीवाली ओरडायची. तिचा आवाज लांब जाईपर्यंत मी खिडकीशी उभी राहायची.

यजमान आधी दर रविवारी यायचे. पिशवीत सुके बोंबील, कधी सोडे. दाराशी खुर्चीवर बसायचे, जावयाशी दोन शब्द, चहा, की निघाले. मग पंधरा दिवसांनी यायला लागले. मग बोंबील कुणाच्यातरी हाती यायला लागले. फोनवर मनीषाला विचारायचे, "आई बरी हाय ना?" ती फोन माझ्या कानाला लावायची. मी श्वास घेत राहायची, पलीकडे ते श्वास घेत राहायचे, आणि फोन बंद व्हायचा.

मला वाटायला लागलं, त्यांनी मला टाकलं. भांडून टाकलेली बाई निदान चावडीवर जाऊन बोंब मारते. मला टाकलंय हे सांगायलाही माझ्याकडे तोंड नव्हतं. त्या दिवसांत मला मरण यावं असं वाटायचं. रोज वाटायचं. हे लिहू नकोस, असं मनीषा म्हणाली. मी ते खोडलं नाही. ज्यांना आज तसं वाटतंय त्यांना कळू दे की मलाही वाटलं होतं, आणि मी आहे.

मनीषाने एकदा मला विचारलं, "आई, तुला बाबांचा राग आलाय का?" मी मान डोलावली. "का पण? ते किती करतात तुझं." मी लग्नाच्या फोटोंकडे बोट दाखवलं. तिला वाटलं मला फोटो हवे आहेत. तिने फोनमधले फोटो काढून एकेक दाखवले. सगळे हसत होते.

*

ताई आठवड्यातून तीनदा व्हिडिओ कॉलवर शिकवायच्या. चित्र दाखवायच्या, मी नाव सांगायचं. माठ. पंखा. मासा म्हणताना मला रडू यायचं. नोव्हेंबरमध्ये त्यांनी विचारलं, "मावशी, तुम्हाला स्वतःला कोणतं वाक्य बोलायचं आहे? तेच घेऊ आपण." आजवर हे मला कुणी विचारलं नव्हतं.

मी हसण्याची नक्कल केली. "हसायचंय?" नाही. "तुमच्यावर कुणी हसलं?" हो, हो. मी मंगळसूत्राला हात लावला. ताई स्क्रीनच्या जवळ सरकल्या. मग त्यांनी हळूच म्हटलं, "तुम्ही हसलात. असं?"

मी मोबाइलवर डोकं टेकलं.

ते दोन शब्द बसवायला पाच आठवडे गेले. मांडीवर डाव्या हातानं ताल धरायचा आणि एकेक अक्षर त्या तालावर म्हणायचं. तुम्. ही. हस. लात. स्वयंपाकघरात, मोरीत, दार लावून. कधी "तुम्ही बसलात" यायचं, कधी "ताजी छे". एका सकाळी ओळीनं दहा वेळा बरोबर आलं. मी मनीषाला सांगितलं नाही. ताईंनी गळ्यात घालायला एक कार्ड दिलं होतं: "मला बोलायला त्रास होतो, पण समजतं." ते घातलं, मनीषासाठी लिहायच्या पाटीवर "वरोर" एवढं डाव्या हातानं खरडून ठेवलं, आणि ती शाळेत गेल्यावर एसटीनं डहाणूला निघाले.

डहाणूला वरोरची रिक्षा धरायची होती. रिक्षावाल्यानं मला ओळखलं. "मावशी! किती दिवसांनी! आज पाटी नाय?" मी कार्ड पुढे केलं. त्यानं वाचलं, एकदा माझ्याकडे बघितलं, आणि मला पुढे स्वतःच्या शेजारी बसवलं. वाटेत त्याने एकही प्रश्न विचारला नाही. मी सगळी वाट मांडीवर ताल धरून होते.

*

यजमान किनाऱ्यावर बोटीच्या सावलीत जाळं दुरुस्त करत होते. मला बघून उठायला लागले. मी त्यांच्या समोर बसले, वाळूत, आणि जाळ्यावर हात ठेवला, म्हणजे त्यांना उठता येईना. मग मांडीवर ताल धरला.

"तुम्ही. हसलात."

त्यांनी मला पुन्हा म्हणायला लावलं नाही. काय, कधी, असंही विचारलं नाही. हातातली सुई खाली ठेवली आणि सात महिन्यांनी पहिल्यांदा माझ्या तोंडाकडे नीट बघितलं.

"हो," ते म्हणाले. "मीच पयला हसलो. शैलाला कळला होता काहीतरी, मी बघितला तिचा तोंड. मी हसलो म्हणून ती हसली."

मी जाळ्यावरचा हात काढला नाही.

"तू बोलायला लागलीस का पयला हेच बोलशील, म्हाईत होता मला," ते म्हणाले. त्यांचा आवाज फुटला. "म्हणून तुला तिकडं सोडला. देवाला रोज म्हणायचो, बरी कर. आणि तू बरी होशील याची भीती वाटायची. असा माणूस हाय मी, हेमा."

एवढं सलग बोलताना मी त्यांना आयुष्यात ऐकलं नव्हतं. ते रडत होते, लपवत नव्हते. त्यांनी माझा अधू हात उचलून दोन्ही हातांत धरला आणि माझ्याकडे बघत राहिले. मी काहीतरी बोलावं म्हणून ते थांबले होते. शिवी चालली असती, माफी चालली असती. आणि माझ्याजवळ काही नव्हतं. पाच आठवडे मी एकच वाक्य घोटलं होतं. त्याच्या पुढचं मी शिकलेच नव्हते. तोंड उघडलं, मिटलं. पुन्हा उघडलं. संध्याकाळी थंडी वाजायला लागली तेव्हा ते मला घरी घेऊन गेले.

*

ज्यांच्या घरात असं माणूस आहे त्यांना तीन गोष्टी सांगते. ओरडून बोलू नका, आम्ही बहिरे नाही. आमचं वाक्य घाईनं पुरं करू नका, आम्हाला भलतंच काहीतरी म्हणायचं असतं. आणि बडबडं माणूस एकाएकी गप्प झालं, तोंड वाकडं झालं, तर आधी गाडी काढा. हसायचं ते नंतर हसा.

मी आता वरोरलाच आहे. बरेच शब्द परत आले. बाजारात अजून बसत नाही, पण शैलाच्या पाटीशेजारी उभी राहते आणि "ताजी छे" म्हणते, त्याला कुणी हसत नाही. यजमान आता समोर बसून जेवतात, टीव्ही बंद असतो. दिवसभरात काय झालं ते मला सांगायचा प्रयत्न करतात. त्यांना जमत नाही, अडखळतात. मी थांबते.

कॉल चालू असला की ते शेजारी येऊन बसतात. मागच्या आठवड्यात ताईंनी विचारलं, "मावशी, आता पुढचं वाक्य कोणतं घ्यायचं?" त्यांनी दोन लिहून दाखवली होती. एक होतं, "मी तुम्हाला माफ केलं." दुसरं, "मला अजून राग आहे." दोन्ही मला म्हणता येतील इतकी सोपी होती. यजमान माझ्याकडे बघत होते. ताई थांबल्या होत्या.

मी म्हटलं, "उद्या."

हा शब्द मी कुणाकडून शिकले नव्हते.